पीएच उतरला की लगेच बफर? जरा थांबा!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवण्यावर अर्ध्या पानाचा लेख आला होता. फोटो एकदम झकास, आमच्या हिनं तर कापून फ्रिजवर चिकटवलाय. पण खाली चौकटीत ज्या टिपा दिल्यात ना, त्यातली तिसरी वाचली आणि चहाचा कप हातातच राहिला. रोज पीएच मोजा, ८.३ च्या खाली गेला की लगेच बफर पावडर घाला, असं सरळ लिहिलंय. (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, आणि बफर म्हणजे तो वर उचलायला घालतात ती क्षारांची पावडर.) साहेब, मी हेच केलं होतं. आणि त्या दिवशी घरात पुरणपोळीचं जेवण चालू होतं, म्हणून तारीख-वार सगळं लक्षात आहे.

आधी सांगतो की मी काही मत्स्यशास्त्रवाला नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस, लोकमान्य नगरात राहतो, हॉलमध्ये सात वर्षांपासून २०० लिटरचा टँक आहे. दोन क्लाउनफिश, ज्यांना कॉलनीतली सगळी पोरं निमोच म्हणतात, एक निळा डॅमसेल, थोड्या गोगलगायी आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा. आधी झिंगे दोन होते.

लोक हसतात, म्हणतात इंदूरला कुठला समुद्र, आपल्याकडे प्यायचं पाणी पण नर्मदेकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर वर चढवून आणावं लागतं. खरंय. इंदूरला नर्मदेचं पाणी मिळावं म्हणून १९७० मध्ये जे आंदोलन झालं त्यात आमचे वडील मोर्च्यात जायचे, ते असते तर म्हणाले असते की आम्ही नर्मदा आणली, हा आता समुद्र आणायला निघालाय. मला हे वेड लहानपणी लागलं, मुंबईला मामाकडे गेलो होतो तेव्हा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभा होतो, आई ओढून ओढून थकली. पण असो.

तर महालक्ष्म्यांचं जेवण. आमच्याकडे गणपतीत महालक्ष्म्या बसतात, त्या दिवशी घरात तीसेक माणसं. बाहेर धो धो पाऊस म्हणून खिडक्या बंद, एसी चालू, समया लागलेल्या, धूप चालू, आणि पंगती हॉलमध्येच. भाचा ताट घेऊन टँकसमोर बसला होता, त्याला मीटर दिसला, म्हणाला मामा, हे ७.८ काय आहे, सकाळी तर ८.२ होतं ना. माझ्या पोटात गोळा. पाहुण्यांच्या गडबडीत डोकं कुठे चालतंय, कपाटातून बफरचा डबा काढला आणि तीन चमचे भरून सरळ टँकमध्ये. ढवळलं पण नाही. दोन मिनिटांत पाणी ताकासारखं पांढरं! आत्या म्हणाली, अरे माशांना पण खीर वाढलीस की काय. सगळे हसले, मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक झिंगा आडवा पडलेला. क्लाउनफिश कोपऱ्यात जोरजोरात कल्ले हलवत होते. तिसऱ्या दिवशी पंप घरघर करून बंद पडला, उघडून बघितलं तर आत पांढरा थर, अगदी गीझरच्या रॉडवर बोरिंगच्या पाण्याचा खार चढतो ना तसा. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला तेव्हा कुठे सुटला. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ती डीकेएच या मापात मोजतात, बघितली तर ८ ची ११ च्या वर गेलेली.

आता झालं काय होतं ते सांगतो, कारण त्या टिपेत चूक नेमकी इथेच आहे. पाण्यात काहीच बिघडलं नव्हतं, बिघडली होती हॉलमधली हवा. तीस माणसं श्वास सोडतायत, वर समया, खिडकी एक उघडी नाही, म्हणजे खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला, तो पाण्यात उतरला आणि पीएच खाली आला. हिशोब साधा आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की पीएच साधारण ०.३ नी उतरतो. आणि तो ०.३ पावडर घालून वर आणायचा म्हटला तर अल्कलिनिटी जवळपास दुप्पट करावी लागते! म्हणजे माणसं घरी गेली असती, खिडकी उघडली असती तर फुकटात जे झालं असतं त्यासाठी मी टँकची सगळी घडी विस्कटली. एका जागी एकदम पावडर पडली की तिथला पीएच उसळतो आणि पाण्यातलं कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं, ती आत्याची खीर म्हणजे तीच. आणि पीएच चढला की पाण्यात थोडाफार जो अमोनिया असेल तो जास्त विषारी होतो, हे वेगळंच.

मी बँकेतला म्हणून मला असं समजतं की अल्कलिनिटी म्हणजे ठेव आणि पीएच म्हणजे गल्ल्यातली रोकड. रोकड सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असायचीच. टँकमध्ये पण तेच, रात्री लाइट बंद असतो, शेवाळ कार्बन डायऑक्साइड खात नाही, उलट सगळे सोडतच असतात, म्हणून पहाटे पीएच ७.९, आणि दिवसभर लाइट लागला की संध्याकाळी ८.२-८.३. हा चढउतार रोजचा आहे आणि माशांना त्याची सवय असते. लेखात लिहिल्याप्रमाणे कोणी रोज सकाळी उठून मोजला आणि ८.३ च्या खाली दिसला म्हणून रोज बफर घातला तर महिन्याभरात अल्कलिनिटी कुठल्या कुठे जाईल, आणि पीएच पहाटे परत खालीच दिसेल.

कोणाला शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. टँकमधलं ग्लासभर पाणी घ्या, गॅलरीत मोकळ्या हवेत ठेवा, एअरपंपची नळी टाकून तासभर बुडबुडे सोडा आणि मग पीएच मोजा. चढला तर दोष खोलीच्या हवेचा, मग पावडरीचा डबा कपाटात राहू द्या आणि खिडकी उघडा. नाही चढला तर अल्कलिनिटी मोजा. तिचं किट काही फार अवघड नसतं, माझ्या किटमध्ये ५ मिलिलिटर पाण्यात एक एक थेंब टाकायचा, निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं, जितके थेंब तितके डीकेएच. खऱ्या समुद्रात हा आकडा ७ च्या आसपास असतो, टँकमध्ये ७ ते ११ मध्ये कुठेही चालतो, फक्त जिथे आहे तिथे राहू द्या. माझा ८ वर असतो. शेजारच्या कोणाचा ९.५ असेल तर त्याचा त्याला लखलाभ, मी त्याच्या मागे धावत नाही.

आणि वाढवायचाच असेल तर किती घालायचं ते मोजून घाला ना. २०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधा खाण्याचा सोडा ६ ग्रॅम पुरतो, एक सपाट चमचा धरा. धुण्याचा सोडा असेल, शुद्ध आणि पाण्याचा अंश नसलेला, तर चार ग्रॅमच्या आत भागतं, पण तो पीएच पण उसळवतो म्हणून मी खाण्याचाच वापरतो. वेगळ्या भांड्यात विरघळवून, पंपाच्या धारेत थोडा थोडा, आणि एका दिवसात १ च्या वर नाही. माझे ते तीन चमचे म्हणजे एका झटक्यात तीनच्या वर, तेही भर जेवणाच्या गडबडीत.

आता पाणी. लेखात लिहिलंय की घरातलं आरओचं पाणी वापरा. इथे पण घोळ आहे आणि तो आपल्याकडचाच आहे. टँकसाठी जे आरओ लागतं त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्याजवळ हवा. किचनमधल्या आरओत कंपनीवाला मागे एक छोटा स्क्रू देतो, त्यानं कच्चं पाणी थोडं मिसळलं जातं म्हणजे चव येते, त्यामुळे त्याचा टीडीएस ५०-८० असतो. ते एक वेळ चालवून घेता येईल. पण आता जे तांब्याचे कार्ट्रिजवाले आरओ निघालेत ना, ते टँकला बिलकुल लावू नका. आमच्या आईनंच हट्टानं तसला घेतला, रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवून सकाळी प्यायची तिला आयुष्यभराची सवय, तिचं म्हणणं की जे माणसाला चांगलं ते माशाला वाईट कसं असेल. आई, माशाला एक वेळ चालेल, झिंग्याला आणि गोगलगायीला तांबं म्हणजे विष आहे. माशांच्या काही आजारांवर तांब्याचंच औषध देतात, पण ते वेगळ्या टँकमध्ये, कारण मुख्य टँकमध्ये घातलं की गोगलगायी सगळ्या साफ. शेवटी टँकसाठी मी वेगळा छोटा आरओ बाथरूममध्ये लावला आणि आईच्या आरओला हात लावला नाही, घरात शांतता आहे.

मीठ म्हणाल तर पहिल्या महिन्यात तीन जणांनी विचारलं की अरे खाऱ्या पाण्याला एवढं काय, आपलं टाटाचं मीठ घाल की. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात ते जास्त असतं खरं, पण त्याबरोबर मॅग्नेशियम लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ४०० च्या थोडं वर, शिवाय पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट हे सगळं ठरलेल्या प्रमाणात. १८७२ ते १८७६ मध्ये चॅलेंजर नावाचं इंग्रजांचं जहाज जगभर समुद्राचं पाणी गोळा करत फिरलं, त्यातले ७७ नमुने डिटमार नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ मध्ये छापलं की खारटपणा कुठे कमी कुठे जास्त असेल पण क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास एकच. आपण डब्यातून जे समुद्री मीठ विकत घेतो ते हेच प्रमाण धरून बनवलेलं असतं. सैंधव पण नको, तेही कोणीतरी सुचवलं होतं, उपासाचं आहे म्हणून.

हे मीठ पावसाळ्यात ओल धरतं, त्यामुळे वजनानं घालाल तर फसाल, लिटरला ३५ ग्रॅम म्हणून घातलं आणि त्यात निम्मा ओलावा. रिफ्रॅक्टोमीटरनं, म्हणजे थेंबभर पाण्यावरून खारटपणा दाखवणाऱ्या मीटरनं बघायचं, ३५ म्हणजे घनतेत १.०२६. आणि तो मीटर नुसत्या आरओच्या पाण्यानं शून्यावर लावून भागत नाही, ३५ चं तयार द्रावण मिळतं त्यानं लावा, माझा दोन वर्षं २ नी चुकीचा दाखवत होता आणि मी मिठाच्या कंपनीला शिव्या घालत होतो.

पण इंदुरात खरा त्रास मे महिन्याचा. कोरडी हवा, बाहेर ४१-४२, आणि टँकवर पंखा लावलेला पाणी थंड ठेवायला. पंखा लावला की दोन-तीन डिग्री उतरतात हे खरंच, चिलर घ्यायची ऐपत नसेल तर तोच उपाय आहे, पण पाणी असं उडतं की विचारू नका. माझ्याकडे मे मध्ये रोज ४ लिटर कमी होतं. आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं खालीच राहतं! २०० लिटरमधलं ४ लिटर गेलं की ३५ चा खारटपणा ३५.७ होतो, तीन दिवस लग्नाला उज्जैनला जाऊन बसलात तर ३७ च्या वर. मग घरी येऊन घाबरून एकदम १२ लिटर गोडं पाणी ओतलं की तासाभरात परत ३५, आणि झिंग्यासारख्या नाजूक जिवाला हा झटका त्या ३७ पेक्षा जास्त लागतो. त्या लेखात लिहिलंय, कमी झालेलं पाणी मीठ घालून भरा. अहो नाही! रोजची भर फक्त साध्या आरओच्या पाण्यानं, मीठ फक्त बदलायच्या पाण्यात.

त्यासाठी मी एक जुगाड केलाय. कूलरमध्ये पाणी भरल्यावर आपोआप बंद होणारा जो बॉलवाला वॉल्व्ह असतो ना, तो प्लास्टिकचा आणला, टँकच्या मागच्या कप्प्यात बसवला, वर एक २० लिटरचा कॅन. पाणी बोटभर उतरलं की बॉल खाली, कॅनमधून येतं, परत बंद. पितळी वॉल्व्ह नको, पितळेत तांबं असतं, परत आईचीच गोष्ट. आणि कॅन २० चाच ठेवलाय, मोठा नाही, म्हणजे कधी वॉल्व्ह अडकला तरी नुकसानीला हद्द राहते. दुकानात हेच ऑटो टॉपअप म्हणून सेन्सरवालं मिळतं, ते चांगलंच असेल, पण आमच्याकडे लाइट जाण्याचा काही भरवसा नाही आणि बॉलला लाइट लागत नाही.

बाकी दर रविवारी २० लिटर पाणी बदलतो, म्हणजे दहा टक्के. शनिवारी रात्रीच बादलीत मीठ घालून छोटा पंप लावून ठेवतो, ताजं कालवलेलं पाणी लगेच ओतायचं नसतं, रात्रभर फिरू द्यायचं, सकाळी खारटपणा आणि तापमान टँकशी जुळवायचं, मग पोह्यांच्या आधी काम संपतं. माझ्याकडे मासेच असल्यामुळे एवढ्यावर भागतं. गोगलगायी आणि दगडावर जांभळा थर चढतो ते शेवाळ, एवढेच कॅल्शियम खाणारे, आठवड्यात अल्कलिनिटी फार तर अर्धा डीकेएच उतरते, नवीन पाण्यानं आणि लागलाच तर थोड्या सोड्यानं ती भरून येते. डोसिंग पंप, दोन-दोन बाटल्या वगैरे लेखात जो थाट दाखवलाय तो पोवळी पाळणाऱ्यांचा, त्यांना सांगाडा बनवायला रोज कॅल्शियम आणि अल्कलिनिटी लागते.

आणि संपादक साहेब, इथेच माझी दुसरी तक्रार आहे. फोटोत सगळीकडे पोवळी दाखवलीत आणि मजकुरात लिहिलंय की हळूहळू कोरल आणि सीहॉर्स आणा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याच्या अनुसूची १ मध्ये प्रवाळभिंती बांधणारी पोवळी आणि सीहॉर्स दोन्ही २००१ मध्ये घातले गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या पेपरात वाचून एखाद्या पोरानं दुकानातून गुपचूप दिलेला पोवळ्याचा तुकडा आणला तर अडकणार तो, दुकानदार तर मी दिलाच नाही म्हणेल. मला पण एकानं काउंटरखालून दाखवला होता, वर म्हणाला भिया, सगळे ठेवतात. मी नाही घेतला, मला काही धाडस नव्हतं एवढंच कारण, फार मोठा कायदाप्रेमी म्हणून नव्हे. क्लाउनफिश घ्यायचे तर हॅचरीत वाढवलेले मागा, मिळतात, आणि टँकमध्ये जगतात पण जास्त.

नवीन लोकांसाठी एक राहिलंच. टँक भरला त्याच दिवशी मासे आणू नका. आधी चार ते सहा आठवडे रिकामा चालवा, अमोनिया खाऊन नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर बसू द्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग पहिला मासा. आमच्या समोरच्या काकांनी वाढदिवसाला नातवासाठी टँक आणला, संध्याकाळी मासे, चौथ्या दिवशी कोणी नाही. नातू अजून मला विचारतो की तुमचे कसे जगतात हो आजोबा.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापा, एक बफरची आणि एक पोवळ्यांची, आणि जागा उरली तर मीठ घालून पाणी भरायची पण. आपल्या लेखकांना टँक बघायचा असेल तर रविवारी सकाळी जरूर यावं, गरम पोहे देऊ. फक्त हॉलची खिडकी उघडी असते, थंडीत यायचं असेल तर स्वेटर घालून यावं.

आपला,
एक जुना वाचक
लोकमान्य नगर, इंदूर